पॉल रोबसन राजकारणात पडले नसते तर?

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा : अमेरिकेतले कृष्णवर्णीय गायक-नट पॉल रोबसन यांचं ‘ओल मॅन रिव्हर’ हे गाणं ऐकलं, आवाजाने थक्क झालो. मग वाचण्यात आलं की हा माणूस राजकारणात पडला आणि त्याची कारकीर्द त्यात बुडाली. राजकारण बाजूला ठेवलं असतं तर रोबसन आणखी मोठे कलाकार झाले असते का? आणि आज रंगमंचावर गाणाऱ्या-बोलणाऱ्याने त्यांच्याकडून नेमकं काय घ्यावं?

मी नाटकातल्या नटांचे आणि समूहगान करणाऱ्यांचे आवाज तयार करण्याचं काम बरीच वर्षं करतो आहे. रोबसन यांची ध्वनिमुद्रणं शिकवताना रोज हाताशी असतात, त्यामुळे या प्रश्नाशी माझं जुनं नातं आहे. पहिल्या भागाचं माझं उत्तर ‘नाही’ असं आहे. राजकारण वजा केलंत तर उरतो तो एक भरदार खर्जाचा आवाज, आणि असे आवाज त्या काळात इतरही होते. आपण ज्याला रोबसन म्हणतो ते गाणं त्यांच्या भूमिकेतून घडलं. काय गायचं, कोणत्या पट्टीत, कोणत्या भाषेत, कुणासमोर, आणि कुठे अजिबात गायचं नाही, हे सगळं त्या भूमिकेने ठरवलं. गळ्याच्या अंगानेच हे दाखवता येतं.

सुरुवात वडिलांपासून करावी लागते. रोबसन ९ एप्रिल १८९८ रोजी न्यू जर्सीतल्या प्रिन्स्टनमध्ये जन्मले. वडील विल्यम ड्रू रोबसन जन्माने गुलाम. नॉर्थ कॅरोलिनातल्या मळ्यातून १८६० मध्ये, पंधराव्या वर्षी, ते पळाले, पुढे लिंकन विद्यापीठात शिकून पाद्री झाले. पॉल सहा वर्षांचे होण्याआधीच आई घरातल्या शेगडीच्या आगीत भाजून गेली. मुलाला वाढवलं ते वडिलांनी, आणि त्यांना बोलण्याचा, उच्चारांचा, वक्तृत्वाचा मोठा सोस होता. ज्या माणसाला अक्षर शिकण्याचाही हक्क नव्हता, त्याने मुलाला शब्द स्वच्छ बोलायला शिकवलं. रोबसन यांचं कुठलंही ध्वनिमुद्रण लावा आणि शब्दांच्या शेवटाकडे कान द्या. शेवटचं व्यंजन कधी गिळलेलं नसतं, कधी आपटलेलंही नसतं. इतक्या खालच्या सुरात शब्द स्पष्ट राहणं फार कठीण असतं. खर्जात गाणारे बहुतेक जण घुमाऱ्याच्या मोहात स्वर पसरट करतात आणि शब्द हरवून बसतात. रोबसन आधी बोलतात आणि मग त्या बोलण्याला सूर देतात. ही सवय चर्चमधल्या प्रवचनातून आलेली आहे.

शिक्षणाचा भाग भराभर सांगतो. १९१५ मध्ये शिष्यवृत्ती मिळवून ते रटगर्सला गेले. त्या महाविद्यालयाच्या इतिहासातले ते तिसरे कृष्णवर्णीय विद्यार्थी. फुटबॉलच्या सरावात आपल्याच संघातल्या गोऱ्या मुलांनी त्यांचं नाक फोडलं, खांदा निखळवला. तरी ते मैदानावर परत आले आणि १९१७ व १९१८ मध्ये देशातल्या सर्वोत्तम खेळाडूंत गणले गेले. १९१९ मध्ये पदवीदानाच्या वेळी वर्गाच्या वतीने भाषण त्यांनी केलं. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातून १९२३ मध्ये कायद्याची पदवी घेतली. एका वकिली कचेरीत नोकरीही धरली, पण तिथल्या लघुलेखिकेने कृष्णवर्णीय माणसाने सांगितलेला मजकूर उतरवून घ्यायला नकार दिला आणि रोबसन यांनी वकिली सोडली. त्यांना रंगभूमीकडे ढकलण्यात पत्नी एसलांडा यांचा वाटा मोठा. त्या रसायनशास्त्र शिकलेल्या, व्यवहारात चोख, नवऱ्याच्या कामाचं सगळं नियोजन करणाऱ्या, आणि पुढे स्वतः मानववंशशास्त्राच्या अभ्यासक व लेखिका झाल्या. त्यांच्याबद्दल फार कमी लिहिलं जातं, ही खंत मला नेहमी वाटते.

१९२४ मध्ये युजीन ओनील यांच्या दोन नाटकांतून रोबसन यांचं नाव झालं. पण माझ्या दृष्टीने खरी तारीख १९ एप्रिल १९२५ ही. त्या रात्री न्यूयॉर्कच्या ग्रीनिच व्हिलेज थिएटरात त्यांनी संपूर्ण मैफल फक्त कृष्णवर्णीयांच्या गाण्यांची केली : गुलामीच्या काळातली भक्तिगीतं, म्हणजे स्पिरिच्युअल्स, आणि कामाची गाणी. एकल गायकाने अशी पूर्ण मैफल करण्याची ती पहिलीच वेळ. त्याआधी टेनर, म्हणजे वरच्या पट्टीच्या पुरुषी आवाजाचे, गायक रोलंड हेज ही भक्तिगीतं मैफलीत गात, पण युरोपीय शास्त्रीय रचनांच्या जोडीने. रोबसन यांनी जोडीला काहीच घेतलं नाही. ही गाणी मैफलीच्या व्यासपीठावर स्वतःच्या बळावर उभी राहू शकतात, असं त्यांचं म्हणणं होतं, आणि सत्तावीस वर्षांच्या तरुणाने ते गाऊन सिद्ध केलं. यात कला कुठली आणि राजकारण कुठलं, हे तुम्हीच ठरवा.

त्या मैफलीत पियानोवर लॉरेन्स ब्राउन होते. आधी हेज यांना साथ करणारे ब्राउन पुढे जवळजवळ चार दशकं रोबसन यांच्याबरोबर राहिले. ते वाजवता वाजवता वरच्या टेनर आवाजात गात. रोबसन खाली ओळ मांडतात, ती संपते न संपते तोच ब्राउन उत्तर देतात, आणि कधी कधी ओळ पूर्ण व्हायच्या आतच शिरतात. भजनात बुवांची ओळ टाळकरी उचलून धरतात तसं ते आहे. मळ्यावर पन्नास माणसांनी मिळून गायचं गाणं दोघांत मांडायचं, तर उत्तर देणारा आवाज हवाच. समूहगानाच्या वर्गात मी आधी ब्राउन ऐकवतो आणि मग रोबसन.

आता ‘ओल मॅन रिव्हर’कडे येऊ. जेरोम कर्न यांचं संगीत आणि ऑस्कर हॅमरस्टाइन यांचे शब्द असलेल्या ‘शो बोट’ या १९२७ च्या संगीत नाटकातलं हे गाणं. लिहिताना रोबसन यांचा आवाज डोळ्यांसमोर होता, पण ब्रॉडवेवर ते पहिल्यांदा ज्यूल्स ब्लेडसो गायले. रोबसन यांनी ते १९२८ मध्ये लंडनला ड्रुरी लेन थिएटरात गायलं, १९३२ मध्ये ब्रॉडवेवर आणि १९३६ मध्ये चित्रपटात. मिसिसिपीच्या धक्क्यावर ओझी उचलणारा मजूर गातोय : आम्ही राबतो, घाम गाळतो, जरा प्यायलो की तुरुंगात जातो, मी थकलोय, जगण्याला कंटाळलोय आणि मरणाला भितोय, नदी मात्र वाहतच राहते. गाण्याच्या सुरुवातीच्या मूळ शब्दांत कृष्णवर्णीयांना उद्देशून शिवीसुद्धा होती.

या गाण्याची बांधणी पाहा. मुख्य ओळ पाच सुरांत फिरते, आपण त्यांना भूपाचे सूर म्हणू. मध्ये श्रमाचं वर्णन येतं तिथे चाल काळवंडते, मग पुन्हा मूळ ओळ येते आणि शेवटी सूर चढत चढत सर्वांत वरच्या टोकाला जातो. एकूण आवाका दीड सप्तकाहून जास्त. म्हणजे खर्जाच्या गायकाला अगदी तळापासून त्याच्या गळ्याच्या छपरापर्यंत जावं लागतं. आणि ‘थकलोय, मरणाला भितोय’ हे शब्द नेमके त्या शेवटच्या चढणीवर आहेत. सूर वर निघालेला आणि माणूस खचलेला. नाटकात हा विरोध शोभून दिसतो.

रोबसन यांना तो खटकायला लागला. शिवी त्यांनी आधीच टाकून दिली होती. मग १९३० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून मैफलीत त्यांनी उरलेले शब्दही बदलले. दारू पिऊन तुरुंगात जाणारा मजूर आता जरा धमक दाखवली म्हणून तुरुंगात जातो. त्या नदीसारखं व्हावंसं वाटतं, असं म्हणणारा माणूस तसं व्हायचं नाही असं म्हणतो. आणि शेवटच्या चढणीवर थकव्याच्या जागी येतं : रडण्याऐवजी मी हसत राहतो, मरेपर्यंत मला लढत राहायचं आहे. चालीतला एकही सूर बदललेला नाही. पण आता चढणारा सूर आणि चढणारा माणूस एकाच दिशेला जातात. १९३६ चं ध्वनिमुद्रण आणि १९५८ च्या कार्नेगी हॉलच्या मैफलीतलं ध्वनिमुद्रण लागोपाठ ऐका. दुसऱ्यात आवाज साठीचा आहे, चकाकी थोडी उतरलेली आहे, पण त्या चढणीवर श्वासाची जी फेक आहे ती तरुणपणीच्या गाण्यात नाही. शब्दांनी श्वास बदलला. ‘भितोय’ म्हणताना छाती आत जाते, ‘लढायचं आहे’ म्हणताना ती उघडते, हे कुणीही आरशासमोर उभं राहून करून पाहावं. या एका जागेवर गायक आणि कार्यकर्ता एकमेकांपासून सोडवून दाखवा, असं मी विद्यार्थ्यांना सांगतो. कुणालाही ते जमत नाही.

पाच सुरांची गोष्ट निघालीच आहे तर तीही सांगतो. लंडनमधल्या वर्षांत रोबसन यांनी तिथल्या प्राच्यविद्येच्या संस्थेत आफ्रिकी भाषांचा अभ्यास केला. रशियन, यिडिश, चिनी, वेल्श अशा अनेक भाषांतली गाणी ते त्या त्या भाषेत गाऊ लागले. जगभरच्या लोकगीतांच्या तळाशी पाच सुरांची एक समान चौकट आहे, असा त्यांचा सिद्धांत होता आणि त्यावर त्यांनी गंभीरपणे लिहिलं. संगीतशास्त्राच्या कसोटीवर तो सगळा टिकतो असं मी म्हणणार नाही, लोकसंगीत त्याहून खूप जास्त नाना तऱ्हांचं आहे. पण गायक म्हणून त्यांना त्याचा उपयोग काय झाला ते महत्त्वाचं. परक्या लोकांचं गाणं परकं म्हणून न गाता, ओळखीचे सूर शोधत ते आत शिरत. म्हणूनच वेल्सच्या खाणकामगारांना त्यांचं गाणं आपलं वाटलं.

वेल्सशी ते नातं जुळलं ते १९२० च्या दशकाच्या अखेरीस. दक्षिण वेल्समधून चालत लंडनला आलेले बेकार खाणकामगार रस्त्यावर गात होते, रोबसन त्यांच्यात सामील झाले. पुढे त्यांच्यासाठी मैफली केल्या, १९४० च्या ‘द प्राउड व्हॅली’ या चित्रपटात खाणकामगाराची भूमिका केली. केलेल्या चित्रपटांपैकी हाच त्यांना अभिमानाने सांगावासा वाटे. १९३५ च्या ‘सँडर्स ऑफ द रिव्हर’चा शेवटी ब्रिटिश साम्राज्याचा गौरव करणारा चित्रपट झाला, तो त्यांनी जाहीरपणे नाकारला. १९४२ नंतर हॉलिवूडलाच रामराम ठोकला. जून १९३७ मध्ये लंडनच्या अल्बर्ट हॉलमध्ये, स्पेनच्या यादवीतल्या निर्वासित मुलांसाठीच्या सभेत ते म्हणाले की कलावंताला स्वातंत्र्य किंवा गुलामी यांतली एक बाजू निवडावीच लागते, मी निवड केली आहे, मला दुसरा पर्यायच नव्हता. पुढच्याच वर्षी ते स्पेनमध्ये आघाडीवरच्या सैनिकांसमोर जाऊन गायले.

नटांसाठी शेक्सपिअरच्या ‘ऑथेल्लो’बद्दल दोन शब्द. १९३० मध्ये लंडनला पेगी ॲशक्रॉफ्ट यांच्याबरोबर त्यांनी तो पहिल्यांदा केला. ऑक्टोबर १९४३ मध्ये ब्रॉडवेवर, मार्गारेट वेब्स्टर यांच्या दिग्दर्शनात उटा हागन आणि होसे फेरर यांच्याबरोबर केला आणि त्याचे २९६ प्रयोग झाले. ब्रॉडवेवर शेक्सपिअरचं कोणतंच नाटक इतकं चाललेलं नाही. कृष्णवर्णीय नटाने गोऱ्या नटीचा पती म्हणून अमेरिकेच्या मुख्य रंगमंचावर उभं राहायचं, याला तेव्हा काय छाती लागत असेल! दौऱ्यावर जिथे प्रेक्षकांना रंगावरून वेगळं बसवतात तिथे प्रयोग करायचा नाही, ही त्यांची अट होती आणि ती पाळली गेली. याच सुमारास स्टीव्हन्स इन्स्टिट्यूटमधल्या हॅरॉल्ड बरिस-मेयर या ध्वनितज्ज्ञाने त्यांच्यासाठी एक व्यवस्था केली, ज्यात मंचावर गाताना गायकाला स्वतःचा आवाज परत ऐकू येई. आज प्रत्येक गायकापुढे मॉनिटर असतो, त्याची ही सुरुवातीची एक पायरी. आणि कानामागे हात धरून गाणारे रोबसन अनेक छायाचित्रांत दिसतात, तेही स्वतःचा सूर ऐकण्यासाठीच.

आता ‘कारकीर्द बुडाली’ या भागाकडे. ती बुडाली नाही, बुडवली गेली. १९४६ मध्ये झुंडींकडून होणाऱ्या कृष्णवर्णीयांच्या हत्यांविरुद्ध कायदा करा, असं सांगायला ते राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांना भेटले आणि ती भेट खडाजंगीत संपली. जानेवारी १९४७ मध्ये सेंट लुईसला प्रेक्षकांना रंगावरून वेगळं बसवणाऱ्या थिएटरसमोर ते निदर्शनात उभे राहिले आणि दोन वर्षं नेहमीच्या मैफली बंद ठेवून वंशद्वेषाविरुद्ध गाणार-बोलणार, असं जाहीर केलं. मिळकतीच्या शिखरावर असताना हा निर्णय घेतलेला आहे. एप्रिल १९४९ मध्ये पॅरिसच्या शांतता परिषदेत ते बोलले. त्यांच्या तोंडी न बोललेली वाक्यं घालून वृत्तसंस्थेने ती बातमी अमेरिकेत पोहोचवली, आणि रान पेटलं. ठरलेल्या मैफली रद्द झाल्या. २७ ऑगस्टला न्यूयॉर्कजवळ पीकस्किल इथली मैफल जमावाने हल्ला करून होऊ दिली नाही. रोबसन ४ सप्टेंबरला परत गेले. हजारो लोक आले, कामगार संघटनांच्या माणसांनी त्यांच्याभोवती कडं केलं आणि ते गायले. परतणाऱ्या गाड्यांवर आणि बसवर दगडांचा वर्षाव झाला, पोलिसांनी तो होऊ दिला. मार्च १९५० मध्ये एलिनॉर रूझवेल्ट यांच्या दूरचित्रवाणी कार्यक्रमातला त्यांचा सहभाग वाहिनीने रद्द केला. त्याच वर्षी सरकारने पासपोर्ट रद्द केला.

पासपोर्ट जाणं म्हणजे काय, हे गायकाच्या बाजूने समजून घ्या. देशात सभागृह मिळत नाही, ध्वनिमुद्रण कंपन्या दार उघडत नाहीत, आणि जिथे लोक ऐकायला तयार आहेत त्या देशांत जाता येत नाही. सरकारी वकिलांनी न्यायालयात दिलेल्या कारणांत एक हेही होतं की हा माणूस आफ्रिकेतल्या वसाहतींच्या स्वातंत्र्यासाठी वर्षानुवर्षं काम करतो आहे. कॅनडात जायला तेव्हा अमेरिकनांना पासपोर्ट लागत नसे, तरी १९५२ च्या सुरुवातीला त्यांना सीमेवर अडवलं. मग खाणकामगारांच्या संघटनेने १८ मे १९५२ रोजी वॉशिंग्टन राज्यातल्या ब्लेन इथे, सीमेवरच्या पीस आर्च या कमानीपाशी, सपाट ट्रक उभा केला. रोबसन ट्रकवर, अमेरिकेच्या हद्दीत. ऐकणारी हजारो माणसं, त्यांतली बहुतेक कॅनडाच्या हद्दीत. पुढची तीन वर्षं तिथे पुन्हा मैफली झाल्या. सीमा माणसाला थांबवते, सुराला कोण थांबवणार?

त्याहून विलक्षण गोष्ट १९५७ ची. आदल्या सप्टेंबरात अटलांटिक महासागराखालून पहिली टेलिफोन केबल सुरू झाली होती. मे महिन्यात लंडनच्या सेंट पँक्रस टाउन हॉलमध्ये श्रोते जमले आणि रोबसन न्यूयॉर्कच्या एका स्टुडिओतून त्या केबलवरून त्यांच्यासाठी गायले. ऑक्टोबरात वेल्समधल्या पोर्थकॉलला खाणकामगारांच्या संगीत महोत्सवात तसंच झालं. सभागृहात सुमारे पाच हजार माणसं, मंचावर गायक नाही, फक्त ध्वनिक्षेपकातून येणारा आवाज. ट्रिऑर्कीचं पुरुषांचं गायकवृंद त्यांच्यासाठी गायलं, ते त्यांनी न्यूयॉर्कमध्ये ऐकलं. याचं ध्वनिमुद्रण उपलब्ध आहे. आवाजाचं काम करणाऱ्याने ते जरूर ऐकावं, कारण टेलिफोनच्या तारेतून खर्ज फारसा जात नाही. म्हणजे रोबसन यांचं जे सर्वांत मोठं वैभव, तळाचा तो घुमारा, तोच गळून गेला होता. उरले शब्द, लय आणि मधला आवाज, आणि तेवढ्यावर त्यांनी सभागृह जिंकलं. आवाज खोल आहे म्हणून ते मोठे, असं मानणाऱ्यांना माझं उत्तर हे ध्वनिमुद्रण आहे.

यात आपल्याकडचाही एक धागा आहे. पंडित नेहरूंशी रोबसन दांपत्याची मैत्री १९३८ च्या लंडनपासूनची. १९५८ मध्ये रोबसन यांचा साठावा वाढदिवस भारतभर साजरा करायला समिती झाली, तिचे अध्यक्ष होते मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती एम. सी. छागला. हे होऊ नये म्हणून अमेरिकी वकिलातीने बरीच खटपट केली. छागला मागे हटले नाहीत आणि नेहरूंनीही रोबसन यांचा गौरव करणारं निवेदन काढलं. त्याच वर्षी छागला अमेरिकेत भारताचे राजदूत म्हणून गेले. दुसरीकडे, कोलंबियात शिकायला गेलेल्या भूपेन हजारिकांवर रोबसन यांचा खोल ठसा उमटला. ‘ओल मॅन रिव्हर’ त्यांच्याकडून असमियात ब्रह्मपुत्रेच्या काठी आलं आणि हिंदीत ‘गंगा बहती हो क्यूँ’ म्हणून आपल्या घराघरांत. तिथे तर गाणारा नदीलाच जाब विचारतो. रोबसन यांनी शब्द बदलून जे सुरू केलं, तेच हजारिकांनी पुढे नेलं.

जून १९५६ मध्ये अमेरिकाविरोधी कारवायांची चौकशी करणाऱ्या संसदीय समितीपुढे रोबसन यांना बोलावलं. रशिया इतका आवडतो तर तिथेच का राहिला नाहीत, असं विचारल्यावर त्यांनी उत्तर दिलं : माझे वडील गुलाम होते, हा देश उभारताना माझी माणसं मेली, म्हणून मी इथेच राहणार आणि तुमच्याइतकाच याचा वाटेकरी होणार. जून १९५८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या एका निकालानंतर पासपोर्ट परत मिळाला.

आता ज्याबद्दल त्यांचे चाहते बोलायचं टाळतात, ते. सोव्हिएत संघात त्यांना १९३४ पासून माणूस म्हणून वागणूक मिळाली आणि ते उपकार ते कधी विसरले नाहीत. पण तिथल्या अत्याचारांवर ते जाहीरपणे गप्प राहिले. जून १९४९ मध्ये मॉस्कोत ते ज्यू कवी इत्सिक फेफर यांना भेटले. फेफर तेव्हा कैदेत होते, भेटीपुरते आणले गेले होते. रोबसन यांच्या मुलाने पुढे सांगितलेल्या हकिकतीनुसार खोलीत चोरून ऐकलं जात असल्याने फेफर यांनी खुणांनीच परिस्थिती कळवली. त्यानंतरच्या मैफलीत रोबसन यांनी फेफर आणि मारले गेलेले नट मिखोएल्स यांची नावं घेतली आणि वॉर्सातल्या ज्यूंच्या बंडातून स्फुरलेलं गाणं यिडिशमध्ये गायलं. त्या सभागृहात हे फार मोठं धाडस होतं. पण अमेरिकेत परतल्यावर ज्यूंचा छळ होत असल्याचं त्यांनी नाकारलं. १९५२ मध्ये फेफर यांना गोळ्या घातल्या गेल्या, आणि त्याच वर्षीचं स्टालिन शांतता पारितोषिक रोबसन यांना मिळालं. शत्रूच्या हाती कोलीत द्यायचं नाही, हा त्यांचा विचार मला समजतो. तरीही ते गप्प राहणं चूकच होतं, असं मी मानतो. जो माणूस गाण्यातला एक खोटा शब्द खपवून घेत नव्हता, त्याच्याकडून ते झालं याचं दुःख जास्त आहे. मोठ्या माणसावर प्रेम करायचं तर हेही सांगता आलं पाहिजे.

शेवटची वर्षं कष्टाची गेली. १९५९ मध्ये इंग्लंडमधल्या स्ट्रॅटफर्डला पुन्हा ऑथेल्लो केला. नोव्हेंबर १९६० मध्ये सिडनीत, अर्धवट बांधलेल्या ऑपेरा हाउसच्या कामगारांसमोर जेवणाच्या सुट्टीत गायले. तिथली ती पहिली मैफल म्हणायची. १९६१ मध्ये मॉस्कोत त्यांनी जीव देण्याचा प्रयत्न केला. नंतर लंडनमध्ये विजेच्या झटक्यांचे पन्नासहून अधिक उपचार झाले. १९६३ च्या अखेरीस ते अमेरिकेत परतले, दोन वर्षांनी एसलांडा गेल्या, आणि फिलाडेल्फियात बहिणीकडे राहत असताना २३ जानेवारी १९७६ रोजी त्यांचं निधन झालं. फुटबॉलच्या सन्मान सभागृहात त्यांचं नाव लागायला १९९५ उजाडावं लागलं. पण गायक हॅरी बेलाफॉन्टे यांच्यापासून पुढच्या कृष्णवर्णीय कलावंतांची एक अख्खी पिढी त्यांच्याकडे बघत मोठी झाली. लोकांना तुझं गाणं गायला लाव, मग तू कोण हे त्यांना जाणून घ्यावंसं वाटेल, हा रोबसन यांचा सल्ला बेलाफॉन्टे आयुष्यभर सांगत राहिले.

तुम्ही काय घ्यावं? त्यांचा खर्ज घेऊ नका. मुलं त्यांची नक्कल करायला जातात, जीभ मागे ओढून घसा दाबतात, दोन गाण्यांत आवाज बसतो. रोबसन खालच्या सुरांवर जोर देत नाहीत, तिथे ते उलट आवाज हलका सोडतात. गाण्याचे शब्द आधी चालीशिवाय, मोठ्याने, समोर बसलेल्या एका माणसाला सांगितल्यासारखे बोला. जिथे तुमचं वाक्य स्वाभाविकपणे श्वास घेतं तिथे खूण करा आणि गातानाही शक्यतो तिथेच श्वास घ्या. परभाषेतलं गाणं त्या भाषेच्या माणसाकडून उच्चार शिकल्याशिवाय मंचावर आणू नका, रोबसन हे नेमाने करत. पट्टीचा अहंकार धरू नका. त्यांनी वाढत्या वयात गाणी खुशाल खाली उतरवली. तुमचा आवाज उंच असेल तर ‘ओल मॅन रिव्हर’ चार सूर वर घ्या, फक्त सर्वांत खालची ओळ बोलण्याच्या सहज आवाजात येते आहे ना एवढं पाहा, कारण शेवटच्या चढणीसाठी लागणारा दमसास तिथेच वाचवायचा असतो.